फळ्यांवरचे आण्णा

सोमवार, सातारा

नगरपालिकेच्या खर्चानं मला कुणी परगावी पाठवलं, असं आयुष्यात एकदाच घडलं. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. आमच्या गावची जुनी बाजारपेठ तेव्हा ओस पडत चालली होती. जो तो उठून स्टँडजवळच्या नव्या गाळ्यांत जात होता. अशात नगराध्यक्षांनी कुठल्याशा पेपरात वाचलं, की विट्याच्या बाजूला एका लहान गावानं जुन्या पेठेत चित्रं रंगवली, दुकानदारांना सवलती दिल्या आणि पेठ पुन्हा उभी केली. झालं! सवलतींचं आम्ही बघू, चित्रांतलं मास्तरांना कळतं, असं म्हणून त्यांनी मला ऐन चैत्राच्या उन्हात घाटावर धाडलं. आठवडाभरात बघून यायचं आणि दोन पानांचा अहवाल द्यायचा. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माणसं चांगली होती, त्यांच्या फजितीत गावाला कशाला ओढा.

कुंभार्ली घाट चढून वर आलो आणि बसच्या खिडकीतून कोरडा वारा लागायला लागला. साताऱ्यात मावसभावाकडे उतरलो. हे शहर मला आवडतं, पण त्याच्या चढउतारांचा राग येतो. कुठंही जायचं म्हटलं की एक तर चढायचं नाही तर उतरायचं. संध्याकाळी मावसभावानं राजवाड्याकडे फिरायला नेलं आणि कंदी पेढ्यांचा पुडा घेतला. आमच्याकडे पाहुण्याच्या हातावर एक पेढा ठेवतात, फार तर दोन. इथं पुडा उघडून पुढ्यात ठेवतात आणि तो संपेपर्यंत पाहुण्याला उठू देत नाहीत. मी सहा खाल्ले आणि रात्री जेवलो नाही, त्यावरून वहिनी रुसली ते वेगळंच.

खाली उतरणाऱ्या रस्त्यावर काही जुनी फळ्यांची दुकानं दिसली. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच आहे. अशा दुकानाला दार नसतं आणि लोखंडी शटरही नसतं. खाली उंबऱ्याला आणि वर तुळईला लांब खाच असते. पुरुषभर उंचीच्या उभ्या फळ्या त्या खाचेत एकापुढे एक सरकवायच्या आणि शेवटच्या फळीला कुलूप घालायचं, की दुकान बंद. सकाळी कुलूप काढून फळ्या एकेक करून उतरवायच्या आणि आत भिंतीला लावून ठेवायच्या. फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून प्रत्येकीच्या डोक्यावर छिन्नीनं चिरा पाडलेल्या असतात, पहिलीला एक, दुसरीला दोन अशा. लहानपणी मामाच्या दुकानात मी हे काम केलेलं आहे आणि बोटंही चेमटवून घेतलेली आहेत.

मंगळवार, पेठेत

साताऱ्याहून सकाळची गाडी धरली. शेजारच्या गृहस्थांनी मी कोण, कुठला, मुलं किती, पगार किती, हे रहिमतपूर यायच्या आत विचारून घेतलं. आम्ही कोकणी माणसं शेजारच्याचं नाव वीस वर्षांनी विचारतो, तेही दुसऱ्याकडे. मी जरा घुश्श्यातच उत्तरं दिली. पण त्यांच्याकडूनच मला या भागाची खरी माहिती मिळाली. इथल्या घराघरांतली पुरुषमाणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात आहेत, त्याला गलाई म्हणतात. त्यांची दुकानं गावात नसतात. कुणी मद्रासकडे, कुणी सेलमला, कुणी पार बंगालात. वर्षातून एकदा यात्रेला आठ-दहा दिवस येतात, बाकी वर्षभर घरांना कुलपं. मग पेठेत तरी कोण बसणार? वाडवडिलांची दुकानं तशीच बंद पडलेली.

स्टँडवर मला घ्यायला नगरपालिकेतले हेडक्लार्क जगताप आले होते. सगळं गाव त्यांना नाना म्हणत होतं, म्हणून मीही म्हणू लागलो. काखेत फाइल, डोक्यावर टोपी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बगा'. त्यांनी वाटेतच योजना समजावून सांगितली. जुन्या पेठेतलं बंद दुकान जो उघडेल, मग मालक असो की भाडेकरू, त्याला तीन वर्षं दुकानपट्टी माफ. वीजजोडणीची अनामत नगरपालिका भरणार. अटी तीन. मालकाची लेखी संमती हवी, दुकान रोज उघडलं पाहिजे, आणि दर्शनी भागावर नगरपालिकेच्या पेंटरनं काढलेलं चित्र असलं पाहिजे. यंदाच्या अर्जांची मुदत यात्रेच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी पाचला संपत होती.

अकराच्या सुमारास पेठेत शिरलो. वही उघडली, पेन्सिल काढली. बारा-तेरा दुकानं उघडी होती, गिऱ्हाइकं होती, एका शिंप्याकडे दोन मशीन चालू होती. चित्र म्हणून एक नव्हतं. मी पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाललो. शेवटी चिडून नानांना विचारलं, की चित्रं आहेत कुठं?

"आत हायत," नाना म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी एका किराणा दुकानात बोट दाखवलं. भिंतीला फळ्यांची चळत लावलेली होती आणि कडेच्या फळीवर बैलाचं एक शिंग दिसत होतं.

झालं होतं असं. योजना आखली तेव्हा पेठेतली बहुतेक दुकानं बंद होती. बंद दुकानाचा दर्शनी भाग म्हणजे फळ्याच. पेंटरनं फळ्यांवर चित्रं काढली. ती बघायला लोक आले, लोकांमुळे दुकानं उघडली, आणि दुकानं उघडली तशी चित्रं आत गेली. आता सोमवारी, पेठेच्या सुट्टीच्या दिवशी, बाहेरगावची माणसं चित्रं बघायला येतात आणि चहासुद्धा न मिळता परत जातात. आता करणार काय, असं मी विचारलं, तर नाना शांतपणे म्हणाले की इतकी दुकानं उघडतील असं सभेत कुणालाच वाटलं नव्हतं. मला हसू आवरेना. आमच्या नगरपालिकेनंही हेच केलं असतं, फक्त आमची दुकानं उघडलीच नसती.

पाहुणा लांबून आलाय म्हणून नानांनी दुकानदारांना दहा मिनिटं फळ्या लावायला सांगितल्या. मी नको नको म्हणत होतो, कोण ऐकतो! भराभर फळ्या सरकल्या. बैलजोडी, कुस्ती, उसानं भरलेली ट्रॉली. शिंप्याच्या दुकानावर विमान, कारण त्याला विमानच हवं होतं. किराणा दुकानात दोन बायका तुरीची डाळ घेत होत्या, त्या आतच कोंडल्या गेल्या आणि आतून पेंटरचा, नानांचा आणि माझा उद्धार करू लागल्या. चित्रं ठीक होती. रंग भडक, माणसांचे पाय आखूड. मी वहीत तसं टिपून ठेवलं.

बुधवार

नानांच्या घरी मुक्काम होता. सकाळी न्याहारीला भाकरी, खर्डा आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली वांग्याची भाजी. आमचं जसं नारळावाचून अडतं तसं यांचं शेंगदाण्यावाचून. दोन दिवसांत मी इतकं कूट खाल्लं की ओल्या खोबऱ्याची स्वप्नं पडायला लागली.

जेवणातली चटणी, म्हणजे ज्याला आपण तिखट म्हणतो ती, शालनताईंच्या कांडपावरची होती. या बाई मिरची, धणे, खोबरं, मसाला सगळं एकत्र कांडून देतात. अख्ख्या गावाची वर्षाची चटणी त्यांच्याकडे होते. नवरा साखर कारखान्यावर हंगामी कामाला, तेव्हा घर चालतं ते या कांडपावर. नानांनी मला त्यांच्याकडे नेलं, कारण योजनेतला सगळ्यात अडलेला अर्ज त्यांचाच होता. भाड्याच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत विजेचं कांडप यंत्र. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि शिंकायला लागलो. अकरा शिंका आल्या. बाईंनी न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांना सवय असावी.

शेजाऱ्यांना मात्र ती सवय झाली नव्हती. गल्लीतली पोरं खोकतात, म्हातारी माणसं भांडायला येतात. घरमालकानं यात्रेनंतर खोली रिकामी करायला सांगितलं होतं. नव्या वस्तीत कांडपाला कुणी जागा देईना. जुन्या पेठेत, पार टोकाला, तीन बाजूंनी मोकळं असं एक दुकान बंद होतं. तिथं खकाणा, म्हणजे उडणारी मिरचीची पूड, कुणाच्या नाकात गेला नसता. ते दुकान होतं संपतराव शेठचं. शेठ सेलमला गलाईत, त्यांनी फोनवर होकार दिला होता, सही यात्रेला आल्यावर करतो म्हणाले होते. आता शुक्रवारी पाचच्या आत सही झाली तर दुकान, नाही तर यंत्र गोठ्यात आणि गावची चटणी दुसऱ्या गावात. बाईंनी हे सगळं मिरच्यांचे देठ खुडत सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. मला तो असायला हवा होता असं वाटलं, कारण मी असतो तर बोंब मारली असती.

दुपारी ते दुकान बघायला गेलो. पेंटर रसूलभाई तिथं शेवटचा हात फिरवत होते. सत्तरीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आयुष्यभर त्यांनी ट्रकच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि दुकानांचे बोर्ड रंगवले. आठ फळ्यांवर मिळून त्यांनी संपतरावांच्या वडिलांना, म्हणजे आण्णांना, काढलं होतं. आण्णा गादीवर बसलेत, पुढ्यात तराजू, मागं गुळाच्या ढेपा, उजवा हात वर करून रस्त्यानं जाणाऱ्याला 'या' म्हणतायत. दोन वर्षांपूर्वी ते सेलमलाच वारले होते. रसूलभाई त्यांच्या वर्गातले. फोटोबिटो काही समोर नव्हता, सगळं आठवणीतून.

मी चित्रकलेचा मास्तर. मला आधी चुका दिसल्या. हाताचा पंजा तोंडापेक्षा मोठा, तराजूचा काटा भलतीकडेच, ढेपा हवेत. मी हे रसूलभाईंना सौम्य शब्दांत सांगायला लागलो आणि बोलता बोलता फळीला टेकून उभा राहिलो. रंग ओला होता. आण्णांचा अंगठा माझ्या सदऱ्यावर आला. एकुलता एक चांगला सदरा! रसूलभाईंनी रॉकेलचा बोळा माझ्या हातात दिला आणि गुमान अंगठा पुन्हा काढायला बसले. माझी टीका तिथंच थांबली.

निघताना पेठेच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर सहज मागं वळून पाहिलं. तिथून पंजा मोठा दिसत नव्हता. एवढ्या लांबून आण्णा मलाच बोलावत होते. पंजाबद्दल वहीत टिपलेली ओळ मी खोडली.

गुरुवार, यात्रेचा दिवस

गाव ओळखू येईना इतकं भरलं. सेलम, मदुराई, कोचीन, कुठून कुठून जीपगाड्या आल्या. बायकांच्या अंगावर सोनं, पोरांच्या तोंडी तमीळ आणि मराठी एकत्र. आमच्याकडे मुंबईकर चाकरमानी गणपतीला येतो तो गाववाल्यांना मुंबईच्या गोष्टी सांगायला. इथली माणसं आली आणि लगेच जमिनीवर मांडी घालून गप्पा मारायला बसली. कुणी मला पाव्हणं म्हणून हाक मारायचं आणि हातात भडंगाची पुडी द्यायचं. मी तोपर्यंत सरावलो होतो. विचारायच्या आधीच गाव, मुलं आणि पगार सांगून मोकळा होत होतो.

देवाला नैवेद्य दाखवून झाल्यावर संपतराव पेठेत आले. पंचेचाळिशीचा भरदार माणूस, बोटांत तीन अंगठ्या. सोबत बायको आणि दोन मुली. नाना फाइल घेऊन तयार होते, शालनताई बाजूला उभ्या होत्या. आपण केलेलं चित्र मालकाला दाखवायचं म्हणून रसूलभाईंनी धुतलेला सदरा घातला होता. सही व्हायची, नारळ फुटायचा, मी ते बघून अहवालात लिहायचं, असा सगळ्यांचा बेत.

संपतराव चित्रासमोर उभे राहिले ते राहिलेच. बायको काही बोलली, त्यांना ऐकू आलं नाही. धाकट्या मुलीनं बोट दाखवून 'ताता', म्हणजे तमीळमध्ये आजोबा, म्हटलं, तेव्हा त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग नानांनी फाइल पुढे केली, तर ती त्यांनी हातानं मागं सारली.

"ह्या फळ्या निघायच्या न्हाईत," ते म्हणाले. "रोज सकाळी उठून माझ्या बापाचं तुकडं करायचं आन् भिताडाला लावायचं? आन् वरनं मिरचीचा खकाणा? जमायचं न्हाई, नाना."

नानांनी समजावलं, होकाराची आठवण दिली. संपतराव म्हणाले, तवा चित्र बगितलं नव्हतं. भाड्याचा प्रश्न नाही, दुसरीकडे कुठं जागा बघत असाल तर मी हातभार लावतो, पण दुकान उघडायचं नाही. सगळ्यांनी शालनताईंकडे पाहिलं. त्या फक्त 'बरं' म्हणाल्या, पदर सारखा केला आणि घराकडे चालू लागल्या.

रसूलभाई तिथंच पायरीवर बसले. दुकान उघडावं म्हणून काढलेलं चित्र, आणि त्या चित्रानंच दुकान बंद केलं. खरं सांगतो, मला त्यांची दया आली नाही. मला हेवा वाटला. पंचवीस वर्षं मी मुलांना चित्रं शिकवतोय, स्वतः शेकडो काढली, शाळेच्या भिंतीवर दोन अजून आहेत. माझ्या एकाही चित्रानं कधी कुणाचं काही अडवलेलं नाही. असं काहीबाही मनात येत होतं आणि त्याच वेळी त्या बाईंचं यंत्र गोठ्यात जाणार हेही दिसत होतं. स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवार

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गावात घरोघरी बोकड. सकाळपासून सगळ्या गल्ल्यांत एकच वास. मला दुपारच्या गाडीनं निघायचं होतं, पण नानांनी रश्श्याची आण घातली. मी थांबलो ते रश्श्यासाठी नाही, मला पाच वाजेपर्यंत काय होतं ते बघायचं होतं. खुद्द नानांनी आशा सोडलेली दिसली. ते फाइल घरीच ठेवणार होते. मी उगाच पाहुण्याचा आगाऊपणा करून ती त्यांच्या काखेत परत दिली.

दहाच्या सुमाराला रसूलभाई आले आणि म्हणाले, चला मास्तर, संपतकडं जाऊन येऊ, तुमी शिकलेली माणसं हाय, बरुबर असलेलं बरं. मी काय बोलणार होतो कोण जाणे. संपतरावांच्या घरापुढे मांडव, मांडवात पन्नास-साठ माणसं, चुलीवर डेगी. त्यांनी उठून रसूलभाईंचा हात धरला, चाचा म्हणाले, ओट्यावर बसवलं, चहा सांगितला. रसूलभाईंनी चहा बाजूला ठेवला.

आधी ते म्हणाले की चित्र मी पुसून टाकतो, राखाडी रंगाचा एक हात मारला की झालं, मग तर उघडशील? संपतरावांचा चेहरा उतरला. चाचा, हात तर लावून बघा, एवढंच ते म्हणाले.

"बरं, आसू दे," रसूलभाई म्हणाले. "मला एक सांग. तुझा आण्णा त्या दुकानात कवा बसला?"

आजा बसायचा, असं संपतराव म्हणाले.

"म्या आण्णाचं इचारतुया."

संपतराव बोटातली अंगठी फिरवू लागले.

"पंधराव्या वर्सी गेला त्यो गलाईला. यात्रेला यायचा, तवा आदी त्या फळ्यांपुढं यिऊन हुबा ऱ्हायचा. पुढल्या साली उघडतू रं रसूल, म्हणायचा. दरसाली म्हणायचा. म्या ऐकत ऱ्हायलो. उघडलं न्हाई, न्हाईच जमलं त्याला. म्हणून म्या बसीवला. गादीवं बसून लोकास्नी या म्हणताना. आन् तू काय केलंस गड्या? मागं कुलूप घातलंस आन् बापाला भायेर उनात बसीवलंस. त्यो या म्हणतुया. यिऊन जायाचं कुठं मान्सांनी?"

डेगीखालचं लाकूड तेवढं वाजत होतं. रसूलभाईंनी आता चहा घेतला, तो पुरता गार झालेला असणार, पण बशीत ओतून सावकाश प्यायले. मग आम्ही उठलो. संपतरावांनी थांबा म्हटलं नाही आणि पोचवायलाही आले नाहीत. वाटेत मी रसूलभाईंना विचारलं, की काय वाटतं तुम्हाला. त्यांनी खांदे उडवले आणि उनात रंग दोन उन्हाळं टिकतो, तिसऱ्याला उडतो, एवढंच सांगितलं.

मी नानांकडे जेवलो. रस्सा झणझणीत होता आणि चटणी शालनताईंचीच असणार, हे लक्षात आल्यावर दुसरी वाटी मागवली नाही. साडेतीन वाजले. पिशवी भरून मी आणि नाना स्टँडकडे निघालो. नाना म्हणाले, पेठेतनंच जाऊ, सावली हाय. पेठेत सावली नव्हती.

टोकाच्या दुकानासमोर संपतराव एकटेच उभे होते. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. हातात किल्ली. आम्हाला बघून त्यांनी नानांकडे हात केला, फाइल घेतली, उभ्या उभ्या भिंतीला लावून सही केली आणि परत दिली. मग शालनताईंना बोलवा म्हणाले. नाना टोपी सावरत जवळजवळ पळतच गेले. बाई आल्या, त्यांच्या मागून गल्लीतल्या चार बायका आल्या. रसूलभाईही आले, पण लांब, शिंप्याच्या ओट्यावर थांबले.

कुलूप निघालं. संपतराव आठवी फळी सरकवायला गेले, ती निघेना. किती वर्षांत निघाली नव्हती. मी पिशवी खाली ठेवून हात लावला, नाना एका बाजूनं, आणि ती कुरकुरत बाहेर आली. त्यावर गुळाच्या ढेपा होत्या. सातवी निघाली. मग सहावी, तिच्यावर तो मोठा पंजा. संपतराव एकेक फळी स्वतः उचलून आत नेत होते आणि भिंतीला उभी करत होते. पाचवीवर आण्णांचा चेहरा होता. ती त्यांनी खाचेतून काढली, दोन्ही हातांनी धरली आणि तशीच धरून रस्त्यात उभे राहिले. पाय पुढं पडेना. फळी जड होती. मी पुढे झालो, तर नानांनी माझा दंड धरला.

शालनताई पुढे आल्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, थोरल्यांच्या पुढं घेतात तसा, आणि संपतरावांच्या हातातून ती फळी आपल्या खांद्यावर घेतली. आत गेल्या. दुकानात आज्याच्या काळाची लाकडी बैठक तशीच होती, धुळीनं भरलेली. पदराच्या शेवानं त्यांनी ती पुसली आणि फळी इतर फळ्यांच्या चळतीत न लावता त्या बैठकीवर, भिंतीला टेकवून, तोंड रस्त्याकडे करून उभी केली.

"बसा, आण्णा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वळून पाहिलं. संपतराव अजून रस्त्यातच होते, रिकामे हात तसेच पुढे धरून.

"आवं शेठ, तुमी बी या की आत," शालनताई म्हणाल्या. "दुकान उघडलंय."

संपतरावांनी टॉवेलनं तोंड पुसलं, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि आत जाऊन वडिलांशेजारी बसले.